बरणी क्रमांक सात

डबा क्रमांक तेवीस उघडला तेव्हा रेणुकाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की कुणीतरी घोळ घातला आहे.

जालन्यातल्या त्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, खिडकीखालच्या लांब टेबलावर, प्लास्टिकचे एकेचाळीस डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक डब्याच्या तळाशी चाळलेली माती, वर एरंडाचे पान आणि पानावर एकच उंटअळी. चालताना पाठीची कमान करते म्हणून उंटअळी. यातल्या बऱ्याच अळ्या पतंग होण्याआधीच मरणार होत्या, कारण त्यांच्या अंगावर एका माशीने आधीच अंडी घालून ठेवली होती. अंड्यांतून निघालेले किडे अळीला आतून खातात, तिला संपवून मातीत उतरतात, गव्हाच्या दाण्याएवढा तपकिरी कोष करतात, आणि दहा-बारा दिवसांनी त्या कोषातून माशी बाहेर पडते. अशा परजीवी माश्यांच्या एका गटाची नव्याने मांडणी करायची, कोणती माशी कोणत्या प्रजातीत बसते ते पुन्हा तपासायचे, हे रेणुकाचे गेल्या सहा वर्षांचे काम होते.

तेवीस नंबरच्या डब्यात तीन माश्या होत्या. एक मादी होती. ती इंग्रजांच्या काळात नोंदल्या गेलेल्या एका जुन्या प्रजातीची. उरलेले दोन नर. त्यांच्या डोक्यावरच्या शृंगिका कंगव्यासारख्या फाटलेल्या होत्या, आणि तशा शृंगिका साऱ्या मुलखात एकाच प्रजातीला असतात, असे रेणुका पहिल्या वर्षापासून शिकत आली होती. ती प्रजाती म्हणजे जालनोमायिया. तिला ते नाव दिले होते काकासाहेब सरांनी, आणि रेणुकाच्या हाताला माशी टाचायला शिकवले होते तेही त्यांनीच.

“प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे पाळण्यातलं नाव,” सर वर्गात सांगत. “आडनाव चुकलं की माणूस भलत्याच घरी जेवायला बसतो.”

तेव्हा एकाच अळीतून दोन आडनावांच्या माश्या निघालेल्या पाहून रेणुका वळली आणि तिने विभागातल्या शिपाई पुष्पाबाईंना विचारले, “मावशी, पुसापुसी करताना हे डबे उघडले होते का तुम्ही? एखादी अळी इकडची तिकडे...”

पुष्पाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. “म्याडम, मला त्या अळ्यांची इतकी किळस हाय, की त्या टेबलाखालून मी डोळे झाकून झाडून राह्यले. तरीच तुम्ही म्हंता, मावशी, कचरा राहतो.”

रेणुका हसली. पुष्पाबाई हसल्या नाहीत.

“आन् दुसरं सांगू का? ह्याच खोलीत, ह्याच टेबलापाशी, असंच इचारलं होतं एकदा. धर्मराजभाऊला, इथं बरण्या भरायचा त्याला. मी तवा नवीनच लागल्ते. त्यो म्हणला, एका बरणीत एकच आळी टाकल्ती. काकासाहेब सर म्हणले, तू दोन टाकल्यास. मंग काय? साहेबाचं खरं. त्याला लायब्ररीत धाडलं, आन् त्या माणसानं रिटायर होईस्तोवर या खोलीत पाय ठेवला न्हाई.”

धर्मराजमामांना रेणुका ओळखत होती. ती विद्यार्थिनी असताना ते ग्रंथालयात होते. उंच, सडपातळ, मंठ्याकडच्या मेंढपाळ घरातले. पुस्तक परत घेताना ते दोनदा उलगडून बघत. एकदा पुढून, एकदा मागून, मग हलकेच झटकत, आणि मगच शिक्का मारत. मागे मुलांची रांग लागे. “मामा, त्यात काय सोनं हाय का?” असे कुणी म्हटले की ते नुसते मान हलवत. रेणुकाही त्या रांगेत कंटाळून उभी राहिलेली होती.

त्या दिवशी तिने आणखी काही विचारले नाही. एका अळीवर दोन वेगळ्या माश्यांनी अंडी घालावीत, असे क्वचित घडते. एकदा, फार तर दोनदा. पण पुढच्या दीड महिन्यात डब्यांमागून डबे उघडत गेले, आणि पावसाळा सरेपर्यंत अकरा डब्यांतून तीच गोष्ट निघाली. मादी नेहमी जुन्या प्रजातीची, नर नेहमी जालनोमायियाचे. एकाही डब्यात जालनोमायियाची मादी नाही, एकाही डब्यात जुन्या प्रजातीचा नर नाही. माश्यांचे पाय पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. तिथून डीएनएचा निकाल आला, त्यातही काडीचा फरक नव्हता. या दोन प्रजाती नव्हत्याच. ते नवरा-बायको होते. बायकोचे आडनाव दीडशे वर्षांपूर्वी लागले होते आणि नवऱ्याला सरांनी १९८७ मध्ये वेगळे घर बांधून दिले होते.

नियम असा, की दोन नावे एकाच गोष्टीची ठरली तर आधीचे नाव राहते आणि नंतरचे बुडते. जालनोमायिया बुडणार होती.

विभागाच्या दारावर त्या माशीचे मोठे चित्र रंगवलेले होते. खाली अक्षरे होती, ‘आपल्या महाविद्यालयाचा मान’. रंगाऱ्याने आधी तिला आठ पाय काढले होते. सरांनी समोर उभे राहून त्यातले दोन पांढऱ्या रंगाने बुजवून घेतले. बुजवलेले पाय उन्हात अजून दिसत. त्या चित्राखालून जाताना रेणुका हल्ली मान खाली घाली.

तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता. छपाईपूर्वीची शेवटची प्रत सोमवारी संपादकाकडे परत जायची होती. सरांना हे कुणा परक्याकडून कळू नये, एवढे एकच तिला हवे होते. पण सर एकोणऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभरात त्यांनी ना घर वाढवले, ना शेत घेतले. त्यांच्या नावावर ही एक प्रजाती होती. ती आपणच काढून घ्यायची, आणि तीही त्यांनीच हातात दिलेल्या चिमट्याने? असा विचार करत सरांकडे जायचे कितीतरी शनिवार तिने जाऊ दिले.

शेवटी शुक्रवारी ती संग्रहाच्या खोलीत गेली. प्रत परत धाडण्याआधी मूळ नमुने पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालायचे होते. लोखंडी कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. १९८७ च्या पेटीत, अगदी कोपऱ्यात, तीन माश्या एकत्र टाचलेल्या होत्या. प्रत्येक टाचणीवर माशीच्या खाली सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती: ‘मंठा. एरंड. बरणी क्र. ७.’ आणि तिच्या खाली दुसरी चिठ्ठी: ‘मिश्र नमुना. दोन अळ्या. विश्वासार्ह नाही.’

एक मादी, दोन नर. डबा तेवीससारखेच.

सरांची शिस्त अशी होती, की बरणीतून जे निघेल ते टाकायचे नाही. माश्यांच्या शेजारी बटरपेपरचे छोटे पाकीट होते, टाचणीने बंद केलेले. टाचणी गंजून कागदाला धरून बसली होती. म्हणजे ते पाकीट बंद केल्यापासून कुणीही उघडलेले नव्हते. रेणुकाने ते हळूच सोडवले आणि आतला कचरा काचेच्या बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रिकामे कोष तीन. वाळलेल्या कातीचे तुकडे. आणि अळीच्या डोक्याचे कवच. अळीचे सारे अंग किड्यांनी खाल्ले, कुजले, तरी शेवटच्या कातीचे हे टणक डोके राहते. जितक्या अळ्या, तितकी डोकी.

तिने मोजले. बशी फिरवून पुन्हा मोजले. ब्रशच्या केसाने कचरा बाजूला सारून तिसऱ्यांदा मोजले.

डोके एकच होते.

आता सरांना सांगायची गोष्ट एक राहिली नव्हती, दोन झाल्या होत्या. आणि दुसरी पहिलीपेक्षा जड होती.

*

शनिवारी दुपारी मस्तगडच्या गल्लीत स्कूटी लावून रेणुका लाकडी पेटी छातीशी धरून जिना चढली. दार सरांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी उघडले.

“ये गं. पेटी आणलीस म्हणजे काहीतरी नवीन मेलेलं आणलंस,” त्या म्हणाल्या. “हे बसलेत बघ आत. सकाळपासून भिंग हरवलंय म्हणतात, आणि भिंग गळ्यात.”

सर खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. हात आता थरथरत. त्यामुळे माशी टाचणे सुटले होते, बघणे सुटले नव्हते. रेणुका दिसताच त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. गेली वीस वर्षे, दर भेटीला, पाण्याच्या आधी, ते हा प्रश्न विचारत आले होते.

“काय? आमच्या पोराला बायको मिळाली का?”

जालनोमायियाचे नर वर्षानुवर्षे सापडत होते. मादी एकदाही नाही. सरांच्या मूळ निबंधात ‘मादी अज्ञात’ असे दोन शब्द होते, आणि ते दोन शब्द म्हणजे घरात लग्नाचा मुलगा बसून राहावा तसे सरांच्या डोक्यात बसून होते. रेणुका दर वेळी “नाही सर” म्हणे, सर “बघू, मिळेल” म्हणत, आणि मग चहा येई.

सारी वाट तिने शब्द जुळवले होते. नियम, पुरावे, आदर, ऋण. त्यातला एकही आता कामाचा वाटेना.

“मिळाली सर,” ती म्हणाली.

सर खुर्चीत पुढे सरकले. “मिळाली? कुठं? किती?”

“मंठ्याच्या एरंडावर. अकरा अळ्यांतून. पण सर... ती आपल्याकडं आधीपासूनच होती. दुसऱ्या नावानं.”

रेणुकाने जुन्या प्रजातीचे नाव घेतले. ते पूर्ण होण्याआधीच सरांनी डोळे मिटले. आता त्यांना काय होईल, कुणाला हाक मारावी, असे तिच्या मनात येत असतानाच सरांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

“अगं,” ते द्वारकाबाईंना म्हणाले, “ऐकलंस का? मी अडतीस वर्षं साऱ्या मुलखात सून शोधून राह्यलो, आणि ती शेजारच्या घरात भाकरी थापत बसली होती!”

“सर, म्हणजे जालनोमायिया...”

“बुडाली. बुडायलाच पाहिजे. बायकोचं घर जुनं आहे, नवऱ्यानं तिथं जावं.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “रेणुका, तुला वाटलं असेल म्हातारा रडेल. मी तुला खरं सांगू? एखादी प्रजाती, आणि तिच्यात नुसते नर! असं कुठं असतं का? मलाच कळत होतं काहीतरी चुकतंय. दर वर्षी वाटायचं, मरायच्या आत कुणीतरी येऊन सांगावं. परक्यानं सांगण्याऐवजी तू सांगितलंस. चहा टाक गं.”

रेणुकाला मोकळे वाटायला हवे होते, अर्धे वाटलेही. पण पेटी अजून मांडीवर बंद होती. द्वारकाबाई चहाला उठणार, तोच ती म्हणाली, “काकू, थांबा. अजून एक आहे.”

तिने पेटी उघडली आणि तीन माश्या खिडकीच्या उजेडात धरल्या. सरांनी भिंग लावून चिठ्ठी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू अंगणातले ऊन सरकावे तसे हळूहळू सरकून गेले.

“सात नंबर,” ते म्हणाले.

“हो सर. मी पाकीट उघडलं.”

तिने पेटीतली काचेची बशी त्यांच्या हातात दिली नाही, हात थरथरत होते म्हणून. ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. सर उठले, वाकले, आणि भिंग डोळ्याला लावून खूप वेळ तसेच राहिले.

“एक,” शेवटी ते म्हणाले. मग जणू कुणी खोडून काढील म्हणून पुन्हा म्हणाले, “एकच आहे.”

“कोण सात नंबर?” द्वारकाबाईंनी विचारले.

“धर्मराज.”

“आपल्या सुरेखाच्या बारशाला कोकराच्या लोकरीची घोंगडी घेऊन आल्ता, तो धर्मराज?”

सरांनी मान हलवली. ते खुर्चीत बसले ते एकदम खाली बसल्यासारखे बसले. “तो झाडाला हात न लावता सांगायचा, या पानाखाली अळी आहे, या पानाखाली नाही. असा डोळा मी आयुष्यात पाहिला नाही. साऱ्या बरण्या त्यानं भरल्या होत्या. सात नंबरमधून हे तिघं निघाले तेव्हा माझा निबंध टाईप होत होता. ही बरणी खरी धरली असती, तर प्रजातीच राहत नव्हती. म्हणून ती खोटी पाहिजे होती. तो म्हणाला, ‘सर, एकच टाकल्ती.’ मी म्हणालो, दोन टाकल्यास. बरणीतला कचरा मी माझ्या हातानं पाकिटात भरला, रेणुका. डोकी मोजायला दोन मिनिटं लागली असती.” ते थांबले. “मी मोजलीच नाहीत. मला मोजायची नव्हती.”

बशीवर पंख्याचा वारा येत होता म्हणून द्वारकाबाईंनी पंखा बंद केला.

“वर प्राचार्यांना जाऊन सांगितलं, हा मुलगा प्रयोगशाळेच्या कामाचा नाही, हाताचा भरवसा नाही. याच शब्दांत.” सरांनी वर पाहिले. “कुठं असतो तो आता?”

“मंठ्याच्या अलीकडं, गावीच. पुष्पामावशीकडं फोन नंबर आहे. लावू का?”

“फोन नको. फोनवर तो ‘जाऊ द्या सर’ म्हणेल, आणि मी जाऊ देईन. तुझी चारचाकी आहे ना घरी?”

“उद्या सकाळी आणते.”

“जेवायच्या वेळेला जाऊन दारात उभे राहू नका,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आणि बरण्यांच्या नोंदींचं ते जुनं रजिस्टर न्या सोबत. नुसत्या तोंडानं किती बोलणार?”

*

रविवारी सकाळी नवीन जालन्यातून बाहेर पडून गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे कापूस फुटला होता. सर मागे बसले होते, मांडीवर कापडी पुठ्ठ्याचे रजिस्टर, त्यावर दोन्ही हात. साऱ्या वाटेत ते एकदाच बोलले.

“तो हाकलून देईल का गं?”

“देणार नाहीत, सर.”

“दिलं तरी त्याचं बराबर आहे,” सर म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

धर्मराजमामांचे घर गावाच्या कडेला होते. पुढे मेंढरांचा वाडा, त्याला काट्यांचे कुंपण आणि कुंपणाला लागून एरंडाची रांग. मामा वाड्याच्या तोंडाशी उभे राहून मेंढरे बाहेर काढत होते. बोट हलत होते, ओठ हलत होते. शेवटचे मेंढरू बाहेर पडल्यावर त्यांनी वाड्यात डोके घालून कोपरे पाहिले, मग बाहेरची मेंढरे पुन्हा पहिल्यापासून मोजली. गाडी थांबलेली त्यांना दिसली होती. तरी मोजणे पुरे झाल्याशिवाय ते वळले नाहीत.

वळले आणि जागच्या जागी थांबले. “सर?”

“धर्मराज,” सर म्हणाले.

मामांनीच पुढे होऊन त्यांचा हात धरला, कारण वाट उंचसखल होती. “जपून. इथं दगड हाय. साखराबाई! खाट टाक, सर आलेत कालिजातले. ह्या रेणुका म्याडम ना? लायब्ररीत रांगेत तोंड वाकडं करून उभ्या राहायच्या, त्या?”

रेणुका लाजली. “मामा, तुम्हाला अजून आठवतं?”

“तोंडं आठवतात. पुस्तकं न्हाई आठवत.”

खाटेवर बसल्यावर, पाणी झाल्यावर, सरांनी प्रस्तावना केली नाही. “धर्मराज, सात नंबरच्या बरणीत एकच अळी होती,” ते म्हणाले. “पाकिटात डोकं एकच आहे. काल बघितलं. तू खरं बोलत होतास. चूक माझी होती, आणि ती चूक नव्हती, लबाडी होती. मला मोजायचं नव्हतं.”

मामांनी मेंढरांकडे पाहिले. मेंढरे लांब गेली होती; त्यांच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येत होता.

“एकच होती?” अखेर त्यांनी विचारले. सरांना नव्हे, रेणुकाला.

“एकच, मामा. मी तीनदा मोजलं. सरांनीपण मोजलं.”

“म्हंजे पानाच्या उलट्या अंगाला दुसरी नव्हती?”

“नव्हती.”

मामांनी श्वास सोडला. इतका लांब श्वास सोडताना रेणुकाने कुणाला ऐकले नव्हते.

“तुम्हाला सांगतो, म्याडम. सर म्हणले दोन टाकल्यास, तवा म्या छातीवर हात ठिवून सांगितलं, एकच टाकल्ती. सांगितलं बराबर. पर घरी आलो, आन् मंग मलाच वाटाया लागलं. सर शिकलेला माणूस, उगं बोलंल का? पान टाकलं तवा त्याच्या उलट्या अंगाला बारकी एखादी चिकटून असंल. म्या बघितलं होतं का उलटं करून? आठवंना. बिलकुल आठवंना. तवापसून जे बघायचं ते दोनदा बघून राह्यलो.”

मामांच्या पत्नी साखराबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि पदर नाकाला लावून हसल्या; पण डोळे हसत नव्हते. “दोनदा? बाई, ह्यांच्यापायी माझा जलम गेला. मेथी निवडली तर प्रत्येक पान उलटं करून बघायचं. कुलूप लावलं की परत येऊन वढून बघायचं. आमच्या लग्नात म्हणं आक्षदा बी दोनदा टाकल्या असत्या, लग्न त्या बरणीच्या आधी झालं म्हणून वाचले.”

मामाही हसले. मग सरांकडे वळून म्हणाले, “सर, लायब्ररीत धाडलं त्याचं मला काय बी न्हाई. सावलीत नोकरी झाली, पोरं शिकली. लबाडी म्हणता, ते तुमचं तुम्ही जाणा. पर माझा हात खोटा न्हाई, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. ते तुम्ही आज सांगितलं.” ते थांबले. “लई उशिरा सांगितलं. पर सांगितलं.”

“हो,” सर म्हणाले. “उशिरा.”

मग त्यांनी रजिस्टर उघडले. १९८७ चे पान. सात नंबरच्या ओळीपुढे लाल शाईत लिहिलेले होते: ‘नोंद रद्द. दोन अळ्या मिसळल्या. धर्मराजची चूक.’ सरांनी खिशातून पेन काढले, पण हात थरथरत होता. त्यांनी ते पेन रेणुकाकडे दिले नाही. एक एक अक्षर थांबून थांबून, वेडेवाकडे, त्यांनी लाल ओळीखाली स्वतः लिहिले, आणि वाचून दाखवले: “बरणी सातमध्ये अळी एकच होती. धर्मराज खटके यांचे म्हणणे बरोबर होते. चूक माझी.” खाली सही आणि तारीख.

“त्या वरच्या लाल ओळीवर काट मारा की,” साखराबाई म्हणाल्या. “कशाला ठिवता ते?”

“काट मारायची नसते,” सरांच्या आधी मामाच बोलले. “टाचणीवरची जुनी चिठ्ठी कवाच काढायची न्हाई. खाली नवी घालायची. म्हंजे मागून येणाऱ्याला कळतं, आधी काय समजलं होतं अन् मंग काय निघालं. सरांनीच शिकवलंय.”

सरांनी मान खाली घातली. मामांनी चहाचा कप त्यांच्या हातात नीट बसवून दिला.

“मंग सर, आता तुमच्या माशीचं काय? दारावर ते चित्तर होतं, आठ पायांचं.”

“आडनाव गेलं,” सर म्हणाले. “पाळण्यातलं नाव राहिलं, मंठेन्सिस; या जातीच्या मादीला ते कुणी ठेवलंच नव्हतं. तुझ्या मंठ्यावरून दिलं होतं. आणि त्याच्यापुढं माझं नाव राहील, पण आता कंसात. माशी एका घरातून दुसऱ्या घरात गेली की नाव ठेवणाऱ्याला कंसात बसवतात, असा रिवाज आहे.”

“कंसात तर कंसात. सावलीची जागा हाय,” मामा म्हणाले, आणि सर पहिल्यांदा मोकळे हसले.

निघायच्या वेळी रेणुकाने निबंधाची प्रत काढली. नमुन्यांच्या यादीत तिने सात नंबरची बरणी घातली होती. संग्राहकाच्या जागी नाव लिहायचे राहिले होते. ते तिने तिथेच, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिले. मग पिशवीतून एक रिकामा डबा काढला.

“मामा, हंगामातली शेवटची एक अळी हवी होती. तुमच्या एरंडावर असेल?”

मामा कुंपणापाशी गेले. एरंडाच्या रांगेकडे त्यांनी नुसते पाहिले. हात लावला नाही. दोन झाडे सोडून तिसऱ्याच्या खालच्या फांदीचे एक पान त्यांनी देठासकट खुडले. पानाच्या कडेवर एक उंटअळी कमान करून थांबली होती. मामांनी पान डब्यात ठेवले. ते उलटे करण्यासाठी त्यांची बोटे आपोआप पुढे झाली, आणि डब्याच्या काठाशीच थांबली. त्यांनी झाकण लावले.

“एक हाय,” ते म्हणाले.

रेणुकाने डबा हातात घेतला, चिठ्ठी काढली आणि लिहिले: ‘मंठा. एरंड. अळी १. संग्राहक: धर्मराज खटके.’ चिठ्ठी चिकटवून तिने डबा सरांच्या हातात दिला. सरांनी तो मांडीवर, रजिस्टरावर ठेवला, आणि गाडी गावाबाहेर पडून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत झाकणावर हात ठेवून बसले. उघडून कुणीच बघितले नाही.